ध्रुवीय वृत्त उजेडाचे, बर्फाची रेषा वेगळी

ऐरोलीच्या एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी मला एक पत्र पाठवले आहे. त्यांच्या नववीच्या वर्गातील मुलांनी नकाशावर साडेसहासष्ट अंशांची तुटक रेषा, म्हणजे ध्रुवीय वृत्त (उत्तरेकडचे ते आर्क्टिक वृत्त), पाहिली आणि विचारले, की या रेषेपलीकडे गेले की लगेच बर्फ सुरू होतो का? तिथे सगळीकडे सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र असते का? दोन्ही ध्रुव सारखेच थंड असतात का? आणि तिकडचा बर्फ वितळला तर आपल्या ठाण्याच्या खाडीचे पाणी वाढेल का? व्याख्या सांगून झाल्या, पण मुलांचे समाधान झाले नाही, असे बाईंनी शेवटी लिहिले आहे.

बाई, आपली मुले अगदी योग्य ठिकाणी अडली आहेत. मी ३१ वर्षे व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली १४ कॅप्टन म्हणून. आता नेरूळला राहतो आणि बोटीवर जाणाऱ्या मुलांना नौकानयन शिकवतो. दरवर्षी नव्या तुकडीला मी हाच प्रश्न विचारतो आणि दरवर्षी बहुतेक मुले सांगतात, की आर्क्टिक वृत्त म्हणजे जिथून बर्फ सुरू होतो ती रेषा. बोटीवर हा गैरसमज महागात पडतो, कारण बर्फ वृत्ताची वाट पाहत थांबत नाही आणि वृत्त ओलांडले म्हणून समोर येऊन उभाही राहत नाही. म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

मला हा धडा दोन बंदरांनी दिला. नॉर्वेचे नार्विक ६८ अंश २६ मिनिटे उत्तर अक्षांशावर, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या दोनशे किलोमीटर आत आहे. स्वीडनचे लुलेओ ६५ अंश ३५ मिनिटांवर, म्हणजे वृत्ताच्या शंभर किलोमीटर बाहेर, दक्षिणेला आहे. शाळेतल्या समजुतीप्रमाणे नार्विक गोठायला हवे आणि लुलेओ मोकळे राहायला हवे. प्रत्यक्षात नार्विकच्या बंदरात भर जानेवारीत मोकळे पाणी असते आणि लुलेओसमोरचा समुद्र महिनोन्‌महिने गोठलेला असतो. या दोन बंदरांच्या मध्ये किरुना नावाचे गाव आहे आणि तिथे लोहखनिजाची मोठी खाण आहे. त्या काळी लुलेओ हिवाळ्यात बंद पडत असे म्हणून डोंगर फोडून नार्विकपर्यंत रेल्वे नेण्यात आली आणि १९०३ मध्ये तिचे उद्घाटन झाले. खनिज उत्तरेकडे, वृत्ताच्या आणखी आतल्या भागात न्यायचे, कारण तिथे पाणी गोठत नाही. हे एवढे उदाहरण फळ्यावर काढले तरी मुलांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. रशियाचे मुर्मान्स्क आणखी वर, जवळजवळ ६९ अंशांवर आहे. अडीच लाखांहून अधिक वस्तीचे ते शहर आहे आणि त्याचे बंदर बारा महिने चालू असते.

मग ती तुटक रेषा काढतात तरी कशासाठी? ती सूर्याच्या हिशोबाने काढलेली आहे. पृथ्वीचा आस सुमारे २३ अंश २६ मिनिटांनी कललेला आहे. ९० मधून ते वजा केले की ६६ अंश ३४ मिनिटे उरतात. या अक्षवृत्तावर २१ जूनच्या सुमारास सूर्याचा मध्यबिंदू मध्यरात्री उत्तर क्षितिजाला टेकतो आणि मावळण्याआधीच पुन्हा वर चढू लागतो. २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारी तो दक्षिण क्षितिजाला तसाच टेकून परत फिरतो. वर्षातून निदान एक दिवस सूर्य मावळत नाही आणि एक दिवस उगवत नाही अशी ही हद्द आहे. तिच्या व्याख्येत तापमानाचा, पावसाचा किंवा बर्फाचा उल्लेखसुद्धा नाही.

हा हिशोब मुलांना शाळेच्या मैदानावरच करून दाखवता येईल. २२ डिसेंबरला एक मीटर लांबीची काठी सरळ उभी रोवा. ऐरोलीला सूर्य सर्वांत उंच येतो तो घड्याळात बारा वाजून ३६ मिनिटांच्या आसपास, कारण आपले घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखावृत्ताचे आहे आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्या क्षणी काठीची सावली साधारण ९२ सेंटिमीटर भरेल, म्हणजे सूर्य क्षितिजापासून ४७ अंशांहून थोडा वर असेल. आता मुलांना सांगा, की आर्क्टिक वृत्तावर २१ जूनच्या दुपारी हीच काठी रोवली तर सावली ९४ सेंटिमीटर भरते. आपल्या हिवाळ्यातला दुपारचा सूर्य आणि त्यांच्या उन्हाळ्यातला दुपारचा सूर्य जवळपास एकाच उंचीवर असतात. फरक हा, की आपल्याकडे त्या दिवशी ऊन अकरा तास असते आणि तिथे चोवीस तास. मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस आपल्याकडे भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते. वृत्ताच्या आत असा दिवस कधीच येत नाही; खुद्द ध्रुवावर तर सूर्य साडेतेवीस अंशांच्या वर जातच नाही.

इथे पुस्तकात सहसा न येणारी एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण आम्हा दर्यावर्दींना तिच्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही. वातावरणामुळे प्रकाशकिरण वाकतात. क्षितिजाजवळचा सूर्य त्यामुळे आहे त्यापेक्षा सुमारे ३४ मिनिटे (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) वर दिसतो, आणि सूर्यबिंबाची त्रिज्या आणखी १६ मिनिटांची असते. एकूण ५० मिनिटे झाली. परिणामी मध्यरात्रीच्या सूर्याची कड वृत्ताच्या बाहेरही, साधारण ६५ अंश ४४ मिनिटांपर्यंत दिसते, आणि सूर्य अजिबात न उगवण्याचा दिवस अनुभवायचा तर ६७ अंश २४ मिनिटांच्या पलीकडे जावे लागते. वृत्तावर उभ्या असलेल्या माणसाला संपूर्ण सूर्यहीन दिवस मिळतच नाही. मुर्मान्स्कला मध्यरात्रीचा सूर्य सुमारे ६० दिवस असतो आणि ध्रुवीय रात्र सुमारे ४०च दिवस, या विषमतेचे कारण हेच आहे. दहावीच्या विज्ञानात अपवर्तन शिकवतात, तेव्हा काचेच्या ठोकळ्यासोबत हे उदाहरण जरूर द्यावे.

सहा महिन्यांच्या दिवसाचे उत्तरही यातच आहे. तो फक्त ध्रुवबिंदूवर असतो. वृत्तावर एक दिवस, मुर्मान्स्कला दोन महिने, आणि जसजसे वर जावे तसतसा हा काळ वाढत ध्रुवावर सहा महिन्यांहून किंचित जास्त होतो. शिवाय ध्रुवीय रात्र म्हणजे काळोख, ही कल्पनाही सोडून द्यावी. नार्विकला डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दुपारी क्षितिजाच्या दोन अंशांखालीच असतो, त्यामुळे चार-पाच तास निळसर संधिप्रकाश असतो आणि आभाळ स्वच्छ असेल तर डेकवर कागद वाचता येतो. हिवाळ्यातला पौर्णिमेचा चंद्र तिथे कित्येक दिवस न मावळता आभाळात फिरत राहतो. सूर्य जे उन्हाळ्यात करतो, तेच पूर्ण चंद्र हिवाळ्यात करतो. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा पहारा संपल्यावरही खाली केबिनमध्ये जावेसे वाटले नव्हते.

मध्यरात्रीच्या सूर्याची एक आठवण मुद्द्याला धरून आहे, म्हणून लिहितो. जूनचा शेवटचा आठवडा होता आणि आमची बोट नॉर्थ केपच्या थोडी उत्तरेला, साडेएकाहत्तर अंशांच्या आसपास होती. रात्री बारा वाजता मी थर्ड ऑफिसरच्या हातात सेक्स्टंट दिला आणि सूर्याची उंची घ्यायला सांगितले. सूर्य बरोबर उत्तरेला, क्षितिजापासून पाच अंशांवर उभा होता. एरवी दुपारी दक्षिणेकडे पाहून आपण अक्षांश काढतो; इथे मध्यरात्री उत्तरेकडे पाहून काढायचा, आणि सूत्रातली वजाबाकी बेरजेत बदलायची. त्या मुलाने दोनदा आकडेमोड केली, मग उपग्रहाच्या यंत्राशी ताडून पाहिली आणि दोन मैलांच्या आत उत्तर आले. मी त्याला दुर्बीण दिली आणि बर्फ शोधायला सांगितले. चारी दिशांना बर्फाचा एक कपटासुद्धा नव्हता. समुद्राचे पाणी शून्याच्या वर सहा अंश होते. वृत्तापासून पाचशे किलोमीटर आत आम्ही उघड्या, करड्या पाण्यातून चाललो होतो.

त्या पाण्याला ऊब देतो तो अटलांटिकचा उत्तरेकडे जाणारा उष्ण प्रवाह. मेक्सिकोच्या आखाताकडून निघालेले खारे, कोमट पाणी नॉर्वेच्या किनाऱ्याने वर चढते आणि बॅरंट्स समुद्राचा दक्षिण भाग मोकळा ठेवते. बोथनियाच्या आखातात, म्हणजे लुलेओच्या बाजूला, हा प्रवाह पोचत नाही. ते आखात उथळ आहे, चहूकडून जमिनीने वेढलेले आहे, आणि नद्यांचे गोडे पाणी त्यात इतके येते, की उत्तर टोकाला दर हजार भागांत दोन ते चार भागच मीठ असते. खुल्या महासागरात ते ३५ भाग असते. बर्फाचे सगळे गणित या मिठापाशी येऊन थांबते, म्हणून इथे थोडा वेळ थांबू.

गोडे पाणी शून्य अंशाला गोठते, समुद्राचे पाणी उणे १.८ अंशाला, हा फरक छोटा वाटतो. मोठा फरक दुसरीकडे आहे. गोडे पाणी चार अंशांवर सर्वांत जड असते, त्याहून थंड झाले की हलके होऊन वर तरंगते आणि तलावाचा पृष्ठभाग चटकन गोठतो. खारे पाणी मात्र गोठेपर्यंत जडच होत जाते. वरचा थंड थर खाली बुडतो, खालचा कोमट थर वर येतो, आणि बर्फ धरण्याआधी पाण्याचा बराच जाड थर थंड व्हावा लागतो. आर्क्टिक महासागर गोठतो, कारण सायबेरियाच्या ओब, येनिसे, लेना आणि कॅनडाची मॅकेंझी या नद्या त्याच्यावर गोड्या पाण्याची पातळ दुलई पसरतात. जगातील नद्यांच्या पाण्यापैकी साधारण दहावा हिस्सा या एका लहान महासागरात येतो. ही दुलई खालच्या खाऱ्या, तुलनेने उबदार पाण्याला वर येऊ देत नाही.

समुद्र गोठताना जवळून पाहण्यासारखा असतो. आधी पाण्यात सुईसारखे बारीक कण दिसतात. मग पृष्ठभागावर तेलकट साय धरल्यासारखी दिसते. लाटा मंदावतात आणि पाण्याची चकाकी जाते. लाटांच्या हालचालीने ही साय तुटते आणि तिच्या गोल चकत्या बनतात. अगदी आपल्या आंबोळ्यांसारख्या, फक्त एकमेकींवर आपटून कडा वर उचलल्या गेलेल्या. थंडी टिकली तर चकत्या एकमेकींना चिकटतात आणि सलग पत्रा तयार होतो. गोठताना बर्फ मीठ बाहेर टाकतो. उरलेला खारट पाझर बर्फातल्या बारीक नळ्यांतून खाली गळत राहतो, आणि काही उन्हाळे काढलेला जुना समुद्रबर्फ वितळवला तर ते पाणी पिता येते. जुना बर्फ निळसर आणि कमालीचा कठीण असतो. नव्या अधिकाऱ्याला मी पहिल्यांदा या रंगाची ओळख करून देतो, कारण पांढऱ्या बर्फातून वाट काढणारी बोट निळ्या तुकड्यावर आदळली तर पत्रा फाटतो.

बोथनियाच्या आखातातली एक फेब्रुवारीची रात्र मला अजून आठवते. आइसब्रेकरने फोडलेल्या वाटेने आम्ही मागून चाललो होतो. बाहेर उणे २४ होते. बर्फाचा भुसा जहाजाच्या तळातल्या पाणी ओढणाऱ्या तोंडात अडकू लागला, इंजिन थंड करणारे पाणी येईना आणि यंत्राचे तापमान वाढू लागले. चीफ इंजिनिअरने बाहेर टाकायचे गरम पाणी परत त्याच तोंडात वळवले, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. तोवर २० मिनिटे गेली होती आणि पुढची वाट पुन्हा गोठून बंद झाली होती. नकाशावर आम्ही आर्क्टिक वृत्ताच्या बाहेर होतो.

जमिनीवरची थंडीही ही रेषा मानत नाही. सायबेरियातील ओयम्याकोन वृत्ताच्या बाहेर, साडेत्रेसष्ट अंशांवर आहे. तरी १९३३ मध्ये तिथे उणे ६७ अंशांहून खाली तापमान नोंदले गेले. वेर्खोयान्स्क वृत्ताच्या आत आहे. तिथे २० जून २०२० रोजी पारा ३८ अंशांवर गेला आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद पुढे अधिकृत मानली. मे महिन्यात ठाण्याला असावे तसे तापमान आर्क्टिक वृत्ताच्या आत! समुद्रापासून दूर असलेली जमीन झटपट तापते आणि झटपट निवते, एवढेच त्याचे कारण आहे.

म्हणून अभ्यासक आर्क्टिकची हद्द ठरवताना वृत्तावर विसंबत नाहीत. ज्या रेषेच्या उत्तरेला जुलैचे सरासरी तापमान दहा अंशांच्या खाली राहते ती रेषा ते धरतात. झाडांची सीमाही जवळपास तिच्याच कडेने जाते. तैगाचे सूचिपर्णी जंगल संपते आणि टुंड्रा सुरू होतो. हिवाळ्यात आपल्या ऐरोलीच्या खाडीच्या चिखलात चिमुकले टिलवे पळताना दिसतात, त्यांची अंडी सायबेरियाच्या याच टुंड्रात घातली जातात. मुलांना टुंड्रा लांबचा वाटू नये यासाठी हे पक्षी पुरेसे आहेत. आम्हा जहाजवाल्यांसाठीची हद्द आणखी वेगळी आहे. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय संहितेत दक्षिणेकडची सीमा सरळ ६० अंश दक्षिण अक्षवृत्त आहे. उत्तरेकडे मात्र ती सीमा वाकडीतिकडी आहे. ग्रीनलंडच्या दक्षिणेला ती ५८ अंशांपर्यंत खाली उतरते, मग वर वळून आइसलंड आणि नॉर्वेचा सगळा किनारा वगळते, आणि रशियाच्या कॅनिन नोस भूशिराकडे जाते. नार्विक आणि मुर्मान्स्क वृत्ताच्या आत असूनही या संहितेच्या बाहेर आहेत. नियम करणाऱ्यांनी बर्फ पाहून रेघ ओढली आहे, आणि माझ्या मते वर्गात शिकवण्यासारखी तीच आहे.

वृत्ताबद्दल आणखी एक गोष्ट मुलांना आवडेल. ते एका जागी नाही. पृथ्वीच्या आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांच्या चक्रात २२.१ ते २४.५ अंशांच्या दरम्यान बदलतो आणि सध्या तो कमी होत आहे, त्यामुळे आर्क्टिक वृत्त दरवर्षी साधारण साडेचौदा मीटर उत्तरेला सरकते. आइसलंडच्या ग्रिम्सी बेटावरून ते जाते. तिथे २०१७ मध्ये तीन मीटर व्यासाचा, आठ टन वजनाचा काँक्रीटचा गोल ठेवला आहे, आणि वृत्त सरकेल तसा तोही हलवायचा अशी योजना आहे.

आता दोन ध्रुवांबद्दल. उत्तरेला जमिनीने वेढलेला समुद्र आहे. दक्षिणेला समुद्राने वेढलेली जमीन आहे. दोहोंचे क्षेत्रफळ जवळपास सारखेच, सुमारे १.४ कोटी चौरस किलोमीटर आहे. उत्तर ध्रुवावर माणूस उभा राहतो तो दोन-तीन मीटर जाडीच्या तरंगत्या बर्फावर, आणि त्याखाली चार हजार मीटरहून खोल पाणी असते. ते पाणी उणे १.८ अंशाहून थंड होऊ शकत नाही, म्हणून हिवाळ्यातही खालून थोडी ऊब मिळत राहते. दक्षिण ध्रुव समुद्रसपाटीपासून २,८३५ मीटर उंच आहे आणि त्यातली सुमारे २,७०० मीटर जाडी बर्फाचीच आहे. उंचीबरोबर हवा थंड होते, खालून ऊब नाही, आणि कोरड्या, निरभ्र आभाळात उरलीसुरली उष्णता निघून जाते. व्होस्टोक या रशियन केंद्रावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली. उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात साधारण उणे ३० ते ३५ असते.

अंटार्क्टिकाला समुद्रही साथ देतो. त्या खंडाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा प्रवाह पृथ्वीला पूर्ण फेरी घालतो, कारण त्याला अडवणारी जमीनच नाही. नॉर्वेला मिळतो तसा उबदार पाण्याचा पट्टा अंटार्क्टिकाला मिळत नाही. साधारण ५० ते ६० अंश दक्षिणेच्या दरम्यान थंड पाणी उत्तरेकडच्या कोमट पाण्याखाली बुडी मारते. ही जागा बोटीवर कळते: काही तासांत समुद्राचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते, धुके येते, पक्षी बदलतात. माझ्या दृष्टीने अंटार्क्टिक प्रदेश तिथून सुरू होतो. अंटार्क्टिक वृत्त त्याच्या कितीतरी दक्षिणेला राहते.

तरीही वृत्ताच्या आत सगळीकडे बर्फ असतोच असे तिथेही नाही. अंटार्क्टिकावरचे आपले भारताचे मैत्री संशोधन केंद्र १९८९ पासून ७० अंश ४५ मिनिटे दक्षिणेला आहे. ते ज्या शिरमाखर टापूवर उभे आहे, तिथे उघडे खडक आणि गोड्या पाण्याची तळी आहेत. उलट ग्रीनलंडचे दक्षिण टोक ६० अंशांच्याही खाली, म्हणजे वृत्तापासून सातशे किलोमीटर बाहेर येते, आणि हिमचादर त्या टोकाच्या जवळपर्यंत पोचलेली आहे. ग्रीनलंडविषयी एक सूचना: वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात ते आफ्रिकेएवढे दिसत असेल तर तो नकाशा मर्केटर पद्धतीचा, म्हणजे ध्रुवांकडचे भाग फुगवून दाखवणारा आहे. त्याचे खरे क्षेत्रफळ सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारतापेक्षा बरेच कमी आहे. हे मुलांना पृथ्वीगोलावर दोरा धरून मोजायला लावावे.

एका हुशार मुलाने पत्रात वेगळी शंका विचारली आहे, की उन्हाळ्यात चोवीस तास ऊन असते तर सगळा बर्फ वितळून का जात नाही? शंका रास्त आहे. २१ जूनला चोवीस तासांचा हिशोब केला तर वातावरणाच्या माथ्यावर उत्तर ध्रुवाला विषुववृत्तापेक्षाही जास्त ऊर्जा मिळते. पण ताजा हिम त्यातला ८० टक्क्यांहून अधिक प्रकाश परत फेकतो. उरलेल्या उष्णतेला बर्फ वितळवण्याचे काम करावे लागते, आणि शून्य अंशाचा एक किलो बर्फ नुसता वितळायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. म्हणून ऊन असूनही हवा शून्याच्या आसपास रेंगाळते. उघडे पाणी मात्र ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश गिळते. एकदा बर्फ हटला की पाणी तापते आणि पुढच्या वर्षी बर्फ उशिरा धरतो. मार्चमध्ये आर्क्टिकचा समुद्रबर्फ साधारण दीड कोटी चौरस किलोमीटर असतो. सप्टेंबर २०१२ मध्ये तो जेमतेम ३४ लाखांवर आला होता. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ज्या भागाच्या नकाशांवर सप्टेंबरातही बर्फ दाखवलेला असे, तिथून आज मालवाहू जहाजे जातात. हे लिहिताना मला मनापासून काळजी वाटते.

ठाण्याच्या खाडीचा प्रश्न. स्टीलच्या पेल्यात पाणी आणि बर्फाचे खडे घालून पेला काठोकाठ भरा. खडे वितळले तरी पाणी सांडणार नाही. समुद्रबर्फ आधीच तरंगत असल्यामुळे तो वितळून पातळी जवळजवळ वाढत नाही. आता भरलेल्या पेल्यावर चहाची गाळणी ठेवा आणि तिच्यात बर्फाचे खडे ठेवा. वितळलेले पाणी पेल्याबाहेर वाहील. जमिनीवरचा बर्फ असा आहे. ग्रीनलंडच्या सगळ्या बर्फाने समुद्र ७ मीटरहून थोडा अधिक वाढेल आणि अंटार्क्टिकाच्या सगळ्या बर्फाने सुमारे ५८ मीटर. तो सगळा वितळायला फार मोठा काळ लागेल, म्हणून मुलांना घाबरवू नये. मात्र १९९३ पासून उपग्रहांनी मोजलेली वाढ सरासरी वर्षाला तीन मिलिमीटरहून अधिक आहे, आणि त्यात जमिनीवरच्या बर्फाबरोबर तापून फुगलेल्या पाण्याचाही वाटा आहे. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचे पाणी बाहेर पडत नाही. अशा दिवशी खाडीची मूळ पातळी काही सेंटिमीटर वर असणे ऐरोली-दिव्याच्या सखल भागाला जाणवते.

हिमनग हा त्याच जमिनीवरच्या बर्फाचा तुकडा असतो, म्हणून तो गोड्या पाण्याचा असतो. त्याचा नऊ-दशांश भाग पाण्याखाली राहतो. जुलै २०१७ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या लार्सन सी हिमस्तरापासून सुटलेला हिमनग सुमारे ५,८०० चौरस किलोमीटरचा होता. पालघर वेगळे झाल्यानंतरचा आपला ठाणे जिल्हा ४,२१४ चौरस किलोमीटरचा आहे. मुलांना जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून हे सांगा.

बाई, वर्गासाठी माझी एक विनंती आहे. उत्तर ध्रुव मध्यभागी असलेला कोरा नकाशा घ्या आणि त्यावर तीन रंगांनी तीन रेषा काढून घ्या: पिवळ्या रंगाने आर्क्टिक वृत्त, निळ्याने मार्चमधली समुद्रबर्फाची कड, लालने सप्टेंबरमधली. पिवळी रेषा गोल येईल. निळी रेषा नॉर्वेपाशी वृत्ताच्या खूप आत शिरेल आणि ओखोत्स्क समुद्रात वृत्ताच्या खूप बाहेर, ५० अंशांच्याही खाली उतरेल. त्यानंतर नार्विक आणि लुलेओ ही दोन नावे मुलांकडूनच लिहून घ्या. २२ डिसेंबरला तुम्ही मैदानावर सावली मोजत असाल तेव्हा नार्विकला सकाळचे आठ वाजलेले असतील, सूर्य त्या दिवशी उगवणारच नसेल, आणि धक्क्यावरच्या दिव्यांच्या उजेडात मोकळ्या पाण्यात उभ्या असलेल्या बोटींत किरुनाचे खनिज भरले जात असेल.